वरची कडी लागत नाय

आधीच सांगून ठेवते, मी थापाडी बाई आहे. पेण तालुक्यात माझ्या तोडीचा थापाड्या एकच होता, माझा सासरा. तो वारला तेव्हा न्यायला आलेल्या यमदूतांना त्यानं तीन दिवस ओटीवर गोष्टी ऐकवत बसवून ठेवलं होतं, असं मी लोकांना सांगत असते. तेव्हा माझं लिहिलेलं वाचताना निम्मं वजा करत चला. जिथे वजा करायचं नाही तिथे मी स्वतःच सांगेन. तेवढी लाज अजून शिल्लक आहे. हाडं तेवढी शिल्लक नाहीत.

मला हाडं ठिसूळ होण्याचा आजार आहे. याला ताप नाही, खोकला नाही, पुरळ नाही. वाळवी दाराच्या चौकटीला आतून खाते आणि वरचा रंग शाबूत ठेवते, तसं याचं काम. तुम्ही पन्नाशी ओलांडलेली बाई असाल तर हे पुरतं वाचा. पुरुष असाल तरी वाचा, तुमची हाडं काही टाटाच्या पत्र्याची नाहीत. आणि कागदावर सही करायचा अधिकार असलेले कुणी असाल तर जरा उभं राहून वाचा. आम्ही तुमच्या ऑफिसात उभ्याच असतो.

बाप्पा वाढायला लागले

आमचं गाव हमरापूर. इथली पोरं आधी सोंड काढायला शिकतात आणि मग चालायला. घरटी गणपतीचा कारखाना. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातात ब्रश दिला आणि आखणी शिकवली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीचा रंग कुणीही मारतो, डोळे कुणीही काढत नाही.

त्यांचा एकच नियम होता. आपला डोळा देवाच्या डोळ्याला सरळ भिडला पाहिजे. खालून काढलेस तर देव आढ्याकडे बघेल, वरून काढलेस तर पेंगेल. म्हणून लहान मूर्ती मांडीसमोर घ्यायची, आणि मोठी चौरंगावर ठेवून तिच्यासमोर उभं राहायचं. स्टूल घ्यायचं नाही. "देवासमोर स्टुलावर चढायला तू काय पुढारी हायस?" असं त्या म्हणायच्या.

आमच्याकडे मोठ्या बैठ्या गणपतीचा एक जुना साचा आहे. त्यातला गणपती चौरंगावर ठेवला की त्याचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. जणू माझं माप घेऊन साचा ओतला होता. तीसच्या वर वर्षं मी त्याच्याशी अशी डोळ्याला डोळा लावून उभी राहिले. नवऱ्याच्या डोळ्यांत मी एवढं कधी बघितलं नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मग काही वर्षांपूर्वी बाप्पा वाढायला लागले. पहिल्या वर्षी बोटभर. दुसऱ्या वर्षी आणखी बोटभर. हात उचलून डोळे काढावे लागायला लागले. गिऱ्हाइकं तक्रारी घेऊन आली. एक जण म्हणाला, "काकू, यंदा बाप्पा आमच्याकडं बघतच नाय. पंख्याकडं बघतो. आरती चालू असताना सगळे वळून पंखा बघतात."

कारखाना चालवतो माझा दीर, दिनू भावजी. साचे त्याच्या ताब्यात. मी त्याला धरलं.

"भावजी, चौरंग उंच केलात."

"नाय केला, वैनी."

"मग साचा बदललात."

"बापाच्या वेळचा साचा हाय. कानाजवळचं ठिगळपण तेच हाय, बघा."

"मग चौरंगाखाली विटा घातल्यात."

भावजींनी टेप आणून माझ्यासमोर चौरंग मोजला. तेवढाच भरला.

"टेप आखडलीय," मी म्हटलं. "खाडीची दमट हवा."

"वैनी, टेप लोखंडाची हाय."

"मग लोखंड आखडलंय!"

तीन हंगाम मी भांडले. दोन महिने त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटी हट्टाला पेटून चौरंगाचे चारही पाय करवतीनं दोन-दोन बोटं कापून घेतले. त्या वर्षी डोळे नीट उतरले. मी गावभर सांगत फिरले की दिराची चोरी पकडली. पुढच्या वर्षी बाप्पा पुन्हा वर.

पाठ दुखत होती का? दुखत होती. पण आमच्या कारखान्यात पाठ न दुखणारी बाई म्हणजे कामचुकार बाई. सकाळी अंधाऱ्या शेडमध्ये शिरायचं, दिवस मावळता बाहेर यायचं. ऊन आम्ही फक्त मूर्ती वाळवायला वापरायचो.

शेंग मोडावी तसा आवाज

जेठ महिना, हंगाम अगदी भरात. मी वीतभराची एक मूर्ती फळीवरून उचलली. वजन म्हणाल तर तांब्याभर पाण्याचं. आणि पाठीत आवाज झाला. धरमतरच्या खाडीतल्या बार्जवर खलाशांनी भोंगा समजून माना वर केल्या, असं मी सांगते. खरं तर तो फक्त मला ऐकू आला. वालाची शेंग मोडावी एवढाच.

मी मूर्ती छातीशी धरून खाली बसले.

"फुटली काय?" भावजी तिकडून ओरडले.

"मूर्ती नाय," मी म्हटलं. "मी."

पट्टी

माझा मुलगा कंपनीत शिफ्टला, म्हणून पेणच्या दवाखान्यात मला सून घेऊन गेली. सायली तिचं नाव. पाठीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई सायलीच्याच वयाची, बारीक आवाजाची.

"उंची किती, मावशी?"

"पाच फूट दोन," मी ठसक्यात म्हटलं. लग्न जमलं तेव्हा मामानं मोजली होती. ती काही कुणी परत मोजत नाही.

तिनं मला भिंतीला टेकून उभं केलं. डोक्यावर पट्टी टेकवली. मग पुन्हा टेकवली.

"चार फूट साडेदहा."

"बाय, तुझी पट्टी बिघडलीय."

"मावशी, पट्टी भिंतीवर रंगवलेली आहे."

तिनं फोटो उजेडात धरला. मणके दाखवले. चांगला मणका पत्र्याच्या डब्यासारखा चौकोनी दिसतो. माझे तीन डबे पायाखाली आल्यासारखे चेपलेले. "हा आत्ताचा," ती म्हणाली. "हा जुना. आणि हा त्याच्याहून जुना."

"पण मी कधी पडलेच नाय."

"पडावं लागत नाही, मावशी."

मी गप्प बसले. सायली सांगते, तिच्या लग्नापासून पहिल्यांदाच. माझ्या डोळ्यांपुढे चौरंग आला. करवत आली, खाली पडलेला भुसा आला. बाप्पा एवढी वर्षं आपल्या जागेवरच बसून होते. खाली जात होते ती मी.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाली, "सख्खी बहीण आहे?"

"हाय एक. धाकटी. रोह्याला दिलीय. शेवंती."

"पाळी कधी गेली त्यांची?"

"तिची पिशवीच काढली. बत्तीस वर्षांची असताना."

तिनं पेन खाली ठेवलं. "पिशवी लवकर गेली की हाडं लवकर झिजतात. त्यांची हाडांची तपासणी करून घ्या. लवकर. पडायच्या आधी."

ती तपासणी पेणला होत नाही, रोह्याला होत नाही. पनवेलला जावं लागतं. माझीही पुढे तिथेच झाली.

पडायच्या आधी. हे शब्द मी आजही विसरलेले नाही. पुढची सगळी गोष्ट या दोन शब्दांची आहे.

मला तिथेच ठेवून घेतलं. संध्याकाळी भावजी दवाखान्यात आले. सायलीनं त्यांना सगळं सांगितलेलं होतं. आता हा मला धू धू धुणार, असं मला वाटलं. मी त्याच्या जागी असते तर ढोल लावला असता. तो खाटेच्या कडेला उभा राहिला, माझ्या पायावरची चादर उगाचच सारखी केली आणि म्हणाला, "टेप लोखंडाचीच होती, वैनी." मग तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिला.

सगळ्याजणी घसरलेल्या

वॉर्डातला दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. आधी झाडू, मग चहा, मग फिनेलचा वास. मग डॉक्टर येईपर्यंत आपण छताकडे बघायचं. मी त्या छताच्या भेगा एवढ्या पाठ केल्या की तिथून पेण ते रोहा रस्ता मी तुम्हाला खड्ड्यांसकट दाखवला असता. कुशीवर वळायचं तर दोन माणसं लागत. शिंक येईल म्हणून भीती वाटे. शिंकेला घाबरलेली बाई तुम्ही पाहिलीय कधी? मी नाक दाबून रडायचे.

सायली मला अंग पुसून द्यायची. सासूचं अंग सुनेनं पुसणं सोपं नाही, दोघींनाही नाही. मी काहीतरी विनोद करायचे. एकदा ती ओला टॉवेल तसाच हातात धरून म्हणाली, "आई, हसवू नका हो. हसले की मला रडू येतं." तिचं शिवणाचं काम बंद पडलं होतं. मुलगा शिफ्ट संपवून यायचा आणि स्टुलावर बसल्या बसल्या झोपायचा. मला कुणी काही बोलत नव्हतं. तेच जास्त लागत होतं.

एक आयाबाई मात्र रोज सकाळी माझी खाट अर्धा हात खिडकीकडे सरकवायची. "घे ऊन, सुमनताई. फुकट हाय." बस्स, एवढंच. पण त्या दिवसांत माझ्यावर कुणी उपकार केला असेल तर तो त्या अर्ध्या हाताचा.

शेजारच्या खाटेवर भागीकाकू. खाडीकडची, मिठागरात उभा जन्म गेलेली. डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून वाहून मानेचा खांब झालेला, पण खुब्याचं हाड अंगणात नुसतं वळताना मोडलं. "पाय सटाकला गो," ती म्हणायची. समोरची म्हणायची, "मी न्हाणीत घसरले." पलीकडची उंबऱ्याला अडखळली होती. आम्ही सगळ्याजणी घसरलेल्या. मी खाटांना लावलेले कागद सायलीला वाचायला लावले. सगळ्यांवर एकच: पडून मार. हाड आधीच पोकळ झालं होतं, हे एकीच्याही कागदावर नाही.

भागीकाकूला घरी नेलं. ती पुन्हा उठली नाही. पावसाळा संपायच्या आत गेली. कारण काय लिहिलं म्हणून मी तिच्या लेकाला विचारलं, तर म्हणाला, "म्हातारपण."

त्या वर्षी मोठ्या बाप्पाचे डोळे दुसऱ्या कुणी काढले. मी कमरेला पट्टा आवळून दारात बसून बघितले. चांगले काढले होते. त्यानं जास्त वाईट वाटलं.

वासा आणि वारा

दिवाळीनंतर पट्ट्यासकट मी उभी राहिले आणि अर्ज लिहायला बसले. सायलीनं लिहिला, मी बोलले. सायली माझे सगळे हत्ती-घोडे गाळत गेली, तेव्हा कुठे तो एका पानात मावला. मागणं काय होतं? चंद्र नव्हता मागितला. पन्नाशीपुढची बाई असो की बाप्या, नुसतं पडून हाड मोडलं तर कागदावर हाडाच्या ठिसूळपणाची चौकशी झालीच पाहिजे. तपासणीची एक फिरती गाडी महिन्यातून एकदा पेणला आणि एकदा रोह्याला उभी राहिली पाहिजे. आणि यावरचं इंजेक्शन जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळालं पाहिजे, म्हणजे मोडक्या पाठीनं ते आणायला मोडक्या रस्त्यानं जावं लागणार नाही.

खाली सह्या पाहिजेत म्हणून मी बायका गोळा केल्या. त्यांना आजार समजावून सांगायला गेले तर जांभया. मग मला युक्ती सुचली. मी विचारलं, "तुमच्यातली कोणकोण घरच्या दाराची वरची कडी लावते? लग्नात लागायची, आज लागते काय?"

शेडमधल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक जण हळूच म्हणाली, "मी आता केरसुणीच्या दांड्यानं लावते." दुसरी म्हणाली, "मला वाटलं दार फुगलं." तिसरी म्हणाली, "आमच्या ह्यांनी कडी वर सरकवली म्हणून मी किती भांडले!" भावजी कोपऱ्यात साचा धूत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा साचा धुवायला लागले. सगळ्याजणींनी सह्या केल्या.

अर्ज घेऊन सायली आणि मी एका मोठ्या ऑफिसात गेलो. कुठलं ते सांगत नाही, सगळ्या ऑफिसांचे जिने सारखेच असतात. साहेब गोड होता. बसायला खुर्ची दिली. मला खुर्चीत बसवत नाही म्हटल्यावर स्वतःही उठून उभा राहिला.

"मावशी, मागणी रास्त आहे. पण आपल्याकडे या आजाराची नोंद नाहीये. पेशंट दिसत नाहीत कागदावर."

"दिसतील कसे? तुमची माणसं 'पडली' म्हणून लिहितात."

"पडल्या म्हणूनच आल्या ना त्या?"

"साहेब, घर पडलं तर वाऱ्यानं पडलं म्हणाल, की वासा कुजला होता म्हणाल?"

तो हसला. मनापासून हसला. "छान बोलता तुम्ही. पाठवतो वरती. बघू या."

बघू या. एवढंच. सही नाही, तारीख नाही. मी जिना उतरताना कठड्याला धरून तीनदा थांबले. खाली पोचेपर्यंत मला कळलं होतं की आपलं भाषण चांगलं झालं आणि काम झालं नाही.

इथून पुढे काही वजा करू नका

त्याच दुपारी शेवंतीचा फोन आला.

ही माझी धाकटी बहीण. माझ्या थापांवर आयुष्यभर विश्वास ठेवणारी एकुलती एक बाई. आमचं माहेर कासूजवळ. लहान असताना मी तिला सांगितलं होतं की एस्टी आपल्या गावाजवळ थांबते ती गाडीला तहान लागते म्हणून. दुसऱ्या दिवसापासून शेवंती तांब्या घेऊन रस्त्यावर उभी. एका ड्रायव्हरनं खरंच तांब्या घेतला, घोटभर स्वतः प्याला आणि उरलेलं गाडीत ओतलं. तेव्हापासून माझं कुठलंही बोलणं तिनं तपासून घेतलं नाही.

"ताय," ती फोनवर म्हणाली, "तू त्या बायांना कडीचं विचारलंस ना? सायली सांगत होती. माझी मागच्या दाराची वरची कडी लागत नाय गो. खालची गंजलीय. वरची लावली नाय तर माकडं शिरतात, तांदळाचा डबा उपडा करतात."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं. पाटावर चढून लावते."

मला डॉक्टरीणबाईचं पेन दिसलं, खाली ठेवलेलं. "शेवंते, किती वेळा सांगितलं, पनवेलला जा. उद्याच जा. तपासून घे."

"निलेशला रजा काढायला लागंल. आणि बसून पाठ लय दुखते गो गाडीत. तुझ्या अर्जाचं काय झालं? गेलीवतीस ना?"

मी जिन्याखाली उभी होते. सायली रिक्षा बघायला गेली होती. मला म्हणायचं होतं, काही झालं नाही. एवढे तीन शब्द. पण मोठ्या बहिणीच्या तोंडून ते निघेनात. लोकांनी माझं ऐकलं, असं मला कुणाला तरी सांगायचं होतं.

"झालं की," मी म्हटलं. "साहेबानं उभं राहून सही केली."

"खरं?"

"शिमग्यापर्यंत गाडी येते. रोह्याला आधी."

"मग बरंच झालं. तेव्हाच करून घेते. पनवेलला कशाला मरायला जाऊ?"

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, पण पुढची थाप सांगायला. गाडी पांढरी आहे. तिला निळा पट्टा आहे. चढायला खाली लाकडी पायरी आहे, म्हाताऱ्यांसाठी मुद्दाम. आत बाई डॉक्टर असते. गादीवर नुसतं पडायचं, सुईसुद्धा नाही. हे शेवटचं खरं होतं, कारण पनवेलला माझी तशीच झाली होती. एवढ्या थापेत एवढं खरं मिसळलं की थाप फार मजबूत होते. हे मला चांगलं माहीत होतं.

शिमगा आला. "ताय, गाडी?" मी म्हटलं, ड्रायव्हर ठरायचा आहे. पाडव्याला म्हटलं, गाडीची पूजा राहिलीय. मधे मी दोनदा ऑफिसात जाऊन आले, हेही खोटं नाही. पहिल्यांदा साहेब बैठकीला गेलेला. दुसऱ्यांदा त्याची बदली झालेली. नव्या साहेबानं विचारलं, "अर्जाची प्रत आहे?" मी दिली. त्यानं तिच्यावर चहाचा कप ठेवला नाही, एवढं चांगलं केलं. मला वाटायचं, गाडी आली की थाप आपोआप खरी होईल. माझ्या बऱ्याच थापा तशा झाल्यात. एस्टीवाल्यानं तांब्या घेतलाच होता.

चैत्रात निलेशनं, म्हणजे शेवंतीच्या मुलानं, रजा काढली. "चल आई, पनवेलला जाऊन येऊ." हे मला नंतर त्यानंच सांगितलं. ती म्हणाली, "कशाला रजा घालवतोस? माझी ताय बोललीय. गाडी येतेय."

त्यानं रजा रद्द केली.

वैशाखात एका दुपारी जेवण झाकून ठेवल्यावर ती पाटावर चढली, वरची कडी लावायला. पाट नुसता वीतभर उंच. त्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं: पडून मार. तो कागद मी स्वतः वाचला.

मागचं दार

तिचं ऑपरेशन झालं. बरं झालं म्हणतात. पण ती चालत नाही. धरून उभी केली तर थरथरते आणि "सोडू नको, सोडू नको" म्हणते. पाठीवर जखम झालीय, ती भरत नाही. छातीत कफ आहे. एवढी गुबगुबीत बाई, आता चादरीखाली आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं.

मी पेणहून आठवड्याला जाते. पट्टा आवळून, गाडीत उभ्यानं. परवाही गेले होते. निलेश कामावर, त्याची बायको अंगणवाडीत. घरात आम्ही दोघीच. मी तिला पेज भरवली. ती म्हणाली, "ताय, गाडी आली काय गो? आता आली तर मला उचलून नेतील ना? पायरी हाय म्हणालीस."

मी वाटी खाली ठेवली.

"शेवंते, गाडी नाय."

"म्हणजे उशीर हाय?"

"गाडी नायच. सही नाय. निळा पट्टा नाय, पायरी नाय. साहेब 'बघू या' म्हणाला, तेवढंच. बाकी सगळी माझी थाप."

ती छताकडे बघत राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं.  मग म्हणाली, "निलेशनं रजा काढलीवती."

"माहीत हाय."

"मीच नको म्हणाले."

"माझ्यामुळं."

यावर ती नाय म्हणाली नाही. व्हयही म्हणाली नाही. मी वाटी पुसली. चमचा पुसला. पुसायला काही उरलं नाही तेव्हा हात मांडीत घेऊन बसले. मी माफी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागू? माझी माफीही तिला थापच वाटली असती.

तुम्हाला धीर यावा म्हणून मी हे लिहायला घेतलं होतं, पण माझ्याजवळ धीर नाही. अर्ज अजून कुठल्याशा टेबलावर आहे. मी पुन्हा जाणार आहे, कारण दुसरं काही येत नाही. पण गाडी येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती येईपर्यंत थांबू नका. पनवेल लांब असलं तरी जा. मुलानं रजा काढली तर त्या रजेला नको म्हणू नका. आणि तुमच्या घरातली थोरली बहीण छान बोलत असेल तर तिच्याकडे कागद मागा.

परसात झाडावर धप्प आवाज झाला. माकडं आली होती.

"ताय," शेवंती म्हणाली, "मागच्या दाराची कडी तेवढी लाव."

मी उठले. दार लोटलं. हात वर केला. टाचा उचलल्या, पाठीत कळ गेली तरी उचलल्या. बोटं कडीच्या खाली चार अंगुळं राहिली. तिचा पाट तिथेच भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्यावर पाय ठेवायची माझी छाती झाली नाही.

शेवंतीला खाटेवरून दार दिसत नाही.

"लागली काय गो?"

"नाय," मी म्हटलं.